नागपुरात ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल: पाणी आणि तापमान सांभाळा

बीएस्सीच्या सुरुवातीच्या सत्रांत ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला मार्क जातात ते बहुतेक दोनच कारणांनी. नको तिथं पाणी असतं, नाहीतर हवं तेवढं तापमान नसतं. नागपूरची हवा या दोन्हींत भर घालते. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या बॅचला ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडची बाटली गोठलेली मिळू शकते, कारण ते १६.६ अंशांना गोठतं. मे महिन्यात उलटा प्रकार: फिनॉल ४१ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून कपाटातल्या बाटलीत खड्यांऐवजी द्रव दिसतो, आणि ईथर तर ३४.६ अंशांनाच उकळतं.

गोठलेली बाटली झाकण किंचित सैल करून कोमट पाण्यात उभी करा, बर्नरजवळ नेऊ नका. ईथर आणि अमोनियाच्या बाटल्या उन्हाळ्यात आधी बर्फाच्या पाण्यात थंड करा आणि तोंड दुसरीकडे वळवून उघडा. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून सरपटत जाते; त्यामुळे ते उघडं असताना शेजारच्या टेबलावरचा बर्नरसुद्धा विझलेला हवा. कुलरच्या झोतासमोर बसू नका. ज्योत हलते, आणि वर दमट हवा थेट तुमच्या कोरड्या कंपाउंडवर येते. सुती ॲप्रन, गॉगल आणि बंद बूट कितीही उकडलं तरी अंगावर हवेतच.

लॅसेन: डिटेक्शनमधली सगळ्यात नाजूक पायरी

कंपाउंड सोडियमबरोबर तापवून त्यात नायट्रोजन, सल्फर, हॅलोजन आहेत का ते शोधायची ही टेस्ट. इथं घाई केली तर पुढचं सगळं चुकतं. रॉकेलमधून काढलेला सोडियमचा तुकडा फिल्टर पेपरवर टिपून घ्या. आकार मुगाएवढा पुरे. इग्निशन ट्यूब पूर्ण कोरडी हवी. आधी सोडियम वितळून चकचकीत मणी होऊ द्या, मग चिमूटभर कंपाउंड टाका. सुरुवातीला हळू तापवा, नंतर नळीचं बूड लालबुंद होऊन एक-दोन मिनिटं तसंच राहू द्या. लाल असतानाच ती चायना डिशमधल्या १०-१५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा आणि लगेच जाळी झाका. अशा दोन-तीन नळ्या करा, उकळा, गाळा. क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइडवर ही टेस्ट कधीच करायची नाही, सोडियमबरोबर स्फोट होतो. उरलेला सोडियम बेसिनमध्ये न टाकता अल्कोहोलमध्ये संपवायचा.

गाळलेलं पाणी, म्हणजे अर्क, रंगहीन आणि अल्कलाइन असायला हवं. पिवळं-तपकिरी आलं तर कंपाउंड पुरतं जळलेलं नाही. त्यावर पुढच्या टेस्ट करत बसू नका, नवीन नळी घ्या. नायट्रोजनसाठी फेरस सल्फेट त्याच दिवशी केलेलं लागतं. एक-दोन मिली अर्कात ते घालून उकळा, गार करा, मग डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड घाला: निळा रंग आला की नायट्रोजन आहे. निळ्याऐवजी रक्तासारखा लाल रंग आला तर नायट्रोजन आणि सल्फर दोन्ही असून सोडियम कमी पडलेला असतो.

हॅलोजनची टेस्ट फसते ती नळाच्या पाण्याने. त्यात क्लोराइड असतंच, त्यामुळे नळाखाली धुतलेल्या टेस्ट ट्यूबमध्येसुद्धा सिल्व्हर नायट्रेट पांढरट दिसतं. शेवटचं खंगाळणं डिस्टिल्डनेच करा आणि शेजारी एक कोरी टेस्ट, म्हणजे नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची, लावून ठेवा. नायट्रोजन किंवा सल्फर सापडला असेल तर अर्क आधी नायट्रिक ॲसिडबरोबर फ्यूम हूडखाली उकळा. नाहीतर सिल्व्हर सायनाइडचा पांढरा किंवा सिल्व्हर सल्फाइडचा काळा साका दिसतो आणि क्लोरीन आहे की नाही ते कळतच नाही.

मेल्टिंग पॉइंट

कॅपिलरीत कंपाउंड दोन-तीन मिलिमीटरच भरा, ठोकून घट्ट बसवा. थील ट्यूबमध्ये (बाजूला दांडा असलेली तापवायची काचनळी) लिक्विड पॅराफिन आणि ज्योत बाजूच्या दांड्याखाली. कॅपिलरी बांधलेला दोरा किंवा रबर तेलाच्या पातळीच्या वर राहिला पाहिजे. तेल तापून फुगतं हे विसरू नका. अपेक्षित अंकाच्या १५-२० अंश आधीपर्यंत भराभर तापवा, पुढे मिनिटाला एक-दोन अंशच. जास्त वेगाने गेलात तर थर्मामीटर आणि कॅपिलरीतलं कंपाउंड यांचं तापमान जुळत नाही आणि वाचन चुकतं. जर्नलमध्ये एकच आकडा न लिहिता वितळायला लागल्यापासून पूर्ण वितळेपर्यंतची रेंज लिहा. शुद्ध कंपाउंडला ती एक-दोन अंशांची असते. बेन्झोइक ॲसिड १२२ ऐवजी ११३ ते ११८ दाखवत असेल तर बहुतेक वेळा ते ओलं असतं. पोळ्याच्या आसपासच्या दमट दिवसांत नुसतं पंख्याखाली ठेवून भागत नाही: फिल्टर पेपरच्या घड्यांत दाबा, मग डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद काचपात्रात) ठेवा.

युरिया आणि सिनॅमिक ॲसिड दोन्ही १३३ च्या आसपास वितळतात. शंका असेल तर तुमचं कंपाउंड आणि बाटलीतलं युरिया सारख्या भागात घोटून पुन्हा बघा; अंक बराच खाली घसरला तर ते युरिया नाही. बॉइलिंग पॉइंटला आणखी एक गंमत आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, म्हणून इथं पाणीच ९९ च्या आसपास उकळतं. पुस्तकातल्या अंकापेक्षा वाचन एक-दीड अंश कमी आलं तर थर्मामीटरला दोष देऊ नका.

मिश्रण वेगळं करताना थिअरी उघडा

मिश्रणातलं ॲसिड वेगळं काढायला बायकार्बोनेट की सोडियम हायड्रॉक्साइड, हे पाठ करायची गरज नाही. पीकेए (ॲसिड किती तीव्र ते सांगणारा अंक; जितका कमी तितकं तीव्र) बघा: बेन्झोइक ॲसिड ४.२, कार्बोनिक ॲसिड ६.४, फिनॉल १०. कार्बोनिकपेक्षा तीव्र असलेलं ॲसिडच बायकार्बोनेटमधून फसफस काढतं. फिनॉलला सोडियम हायड्रॉक्साइडच लागतं. व्हायवात हमखास उलटा प्रश्न येतो: फसफस आली म्हणजे कार्बोक्सिलिक ॲसिडच का? नाही. पिक्रिक ॲसिड फिनॉल असूनही फसफसतं, कारण तीन नायट्रो गट ऋणभार वाटून घेतात. मेकॅनिझमचे बाणही याच नजरेने काढा: शेपूट इलेक्ट्रॉनच्या जोडीवर, टोक ती जोडी जिथं जाते तिथं. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढता आलं तरच ते आलं.

ॲमिनच्या अझो डाय टेस्टला बर्फाची कसूर चालत नाही. ॲनिलीन आणि डायल्यूट एचसीएल, सोडियम नायट्राइटचं द्रावण, आणि सोडियम हायड्रॉक्साइडमधलं बीटा-नॅफ्थॉल, या तिन्ही नळ्या शून्य ते पाच अंशांत हव्यात. उन्हाळी परीक्षेत एकच नळी बर्फात ठेवली तर डायझोनियम (ॲनिलीन आणि नायट्राइटपासून बनणारा, रंग देणारा पदार्थ) फुटतं, नायट्रोजनचे बुडबुडे येतात आणि नारिंगी-लाल रंग फिका पडतो. बर्फात मूठभर मीठ टाका. टोलेन्स रिएजंट (अल्डिहाइड ओळखायचं सिल्व्हर नायट्रेट-अमोनियाचं द्रावण) मात्र ऐनवेळी करा आणि काम झालं की ॲसिडने मोडून टाका. साठवलं तर त्यात स्फोटक साका बनतो.

रीक्रिस्टलायझेशन आणि तयारी

रीक्रिस्टलायझेशन म्हणजे कंपाउंड गरम पाण्यात विरघळवून, गार करून पुन्हा शुद्ध स्फटिक मिळवणं. बेन्झोइक ॲसिड लिटरभर पाण्यात शून्य अंशाला १.७ ग्रॅम, २५ ला ३.४, ४० ला ५.५ आणि उकळत्या पाण्यात साधारण ५६ ग्रॅम विरघळतं. दोन ग्रॅमसाठी ३६ मिली उकळतं पाणी हिशेबाने पुरतं, पण गाळताना फनेलमध्येच स्फटिक अडकू नयेत म्हणून ५०-६० मिली घ्या आणि फनेल गरम करा. ६० मिलीतून ४० अंशांच्या खोलीत गाळलंत तर ०.३३ ग्रॅम पाण्याबरोबर जातं, बर्फात ठेवून गाळलंत तर ०.१. धुवायलाही बर्फाचंच पाणी, तेही थोडंच.

ॲस्पिरिनसाठी २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड, ५ मिली ॲसिटिक अनहायड्राइड, ५ थेंब कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक. फ्लास्क कोरडा, कारण अनहायड्राइड पाण्यात वाया जातं. वॉटर बाथमध्ये ५०-६० अंशांना १५ मिनिटं ठेवा, गार करा, मग थंड पाणी हळूहळू घाला. स्फटिक दिसत नसतील तर काचकांडीने फ्लास्कच्या आतली बाजू खरवडा. हिशेबाने २.६ ग्रॅम यायला हवेत. त्याहून जास्त वजन भरलं तर आनंदून जाऊ नका, ते ओलं आहे. कणभर अल्कोहोलमध्ये विरघळवून फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाका: जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक ॲसिड उरलंय, पुन्हा रीक्रिस्टलायझेशन करा. पण गरम पाण्यात फार वेळ उकळू नका, ॲस्पिरिन पाण्याने तुटून परत सॅलिसिलिकच होतं.