मूट कोर्टात सायबर दहशतवादाची केस कशी मांडावी

मूट कोर्ट म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांचा सरावाचा खटला. त्यातला काल्पनिक प्रश्न हातात पडला की माझे विद्यार्थी एकाच गोष्टीमागे लागतात: हल्ला समोरच्या देशाच्या सरकारनेच घडवून आणला, हे सिद्ध करायचं. ही वाट फार अवघड आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकारागुआ विरुद्ध अमेरिका खटल्यातल्या निकालाने (१९८६) ‘परिणामकारक नियंत्रण’ मागितलं, म्हणजे ती कारवाई त्या सरकारच्याच ताब्यात होती हे दाखवावं लागतं. पैसा आणि शस्त्रं पुरवली एवढ्यावर भागत नाही. हा युक्तिवाद पर्यायी म्हणून मागे ठेवा.

मेमोरियल, म्हणजे तुमचा लेखी युक्तिवाद, त्याच न्यायालयाच्या कॉर्फू सामुद्रधुनी खटल्यापासून सुरू करा. ऑक्टोबर १९४६ मध्ये अल्बानियाच्या हद्दीतल्या सुरुंगांवर दोन ब्रिटिश विनाशिका आदळल्या, ४४ नौसैनिक गेले. सुरुंग कोणी पेरले हे न्यायालयाला ठरवता आलं नाही. तरीही १९४९ मध्ये अल्बानिया जबाबदार ठरला, कारण त्याच्या नकळत ते पेरले जाणं शक्यच नव्हतं आणि त्याने जहाजांना सावध केलं नाही. हल्लेखोराचा चेहरा सापडत नसलेल्या देशाला न्याय मागता येतो तो याच निकालामुळे, म्हणून मला तो इतका मोलाचा वाटतो.

पण निकाल पूर्ण वाचा. प्रदेशावर ताबा आहे म्हणून माहिती होतीच, असं न्यायालय मानत नाही. तेव्हा ‘सर्व्हर त्यांच्या देशात होता’ हे वाक्य एकटं टाकू नका. तारखांचा तक्ता करा: इशारा कधी दिला, कोणाला दिला, सोबत आयपी पत्ते आणि लॉग (संगणकावरच्या नोंदी) जोडले होते का, उत्तर काय आलं. २००७ मध्ये एस्टोनियाच्या बँका, वृत्तपत्रं आणि सरकारी संकेतस्थळांवर हल्ले झाले. तपासात रशियाची मदत मागितली, ती नाकारली गेली. तुमच्या प्रश्नात असा नकार असेल तर तो पहिल्याच पानावर आणा. प्रतिवादी म्हणेल, आमच्याकडे साधनं नव्हती. मग विचारा, मदत मागितली होती का?

देशांच्या सायबर वागणुकीबद्दलचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाचे २०१५चे नियम ऐच्छिक आहेत; सायबर कारवायांना आंतरराष्ट्रीय कायदा कसा लागतो हे सांगणारं टॅलिन मॅन्युअल हे तज्ज्ञांचं मत आहे. दोन्ही आधाराला घ्या, बंधनकारक म्हणू नका. न्यायाधीश तिथेच पकडतात. दहशतवादाचा मुद्दा असेल तर सुरक्षा परिषदेचा २००१चा ठराव १३७३ घ्या. तो बंधनकारक आहे आणि इतर देशांना वेळीच सावध करा असं सांगतो.

मागणीत हल्ला थांबवणं, पुन्हा न होण्याची हमी आणि भरपाई मागा. तुमच्या पक्षाने उलट हॅकिंग केलं असेल तर त्याची तयारी वेगळी ठेवा: परवानगीविना सुरुंग काढायला गेलेल्या ब्रिटनलाही त्याच निकालात सार्वभौमत्वाच्या भंगाबद्दल दोषी धरलं होतं.