शिडाची दोरी बांधू नका, आणि इतर चुका

दिवाळीनंतर तलाव भरलेले असतात. तेव्हा आम्ही चार-पाच कुटुंबं जीपच्या टपावर डिंग्या, म्हणजे शिडाच्या छोट्या होड्या, बांधून निघतो आणि दोन दिवस पाण्याकाठी मुक्काम ठोकतो. लहान पोरांना ऑप्टिमिस्ट ही पोरांसाठीची डिंगी देतो. ती जेमतेम 2.36 मीटर लांब आणि 35 किलोची, बापलेक मिळून सहज उतरवतात. शर्यत घरगुती. जिंकणाऱ्याला भाकरी-ठेचा आधी मिळतो, एवढंच बक्षीस. (नाथसागरावर असला खेळ मांडू नका, ते 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. दुसरा तलाव बघा, आणि पाटबंधारेवाल्यांना आधी विचारा.)

दरवर्षी कुणीतरी नवं येतं आणि त्याच चुका करतं.

माझा सगळ्यात जास्त राग मेनशीट बांधणाऱ्यांवर. मेनशीट म्हणजे शीड ओढून धरायची दोरी. ती हातातच हवी. वाऱ्याचा झोत आला की दोरी सोडायची. शीड फडफडतं, होडी आपोआप सरळ होते. पण हात भरून येतो म्हणून आमच्या दाजींनी ती बसायच्या फळीला बांधली, कासरा खुंट्याला बांधावा तशी. सोबत माझा भाचा. टेकडीच्या आडून बाहेर पडले आणि वाऱ्याने गाठलं. दाजी गाठ सोडवत बसले, पण ओली गाठ ताणाखाली सुटते होय? होडी आडवी. पोरगं शिडाखाली गेलं, लाइफ जॅकेट होतं म्हणून लगेच कडेला निघालं आणि होडीला धरून राहिलं. दाजी मात्र काठाकडे पोहत सुटले! उलटलेली होडी तरंगते, तिला सोडायचं नसतं. डॅगरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात उतरवलेल्या फळीवर, वजन टाकलं की होडी उभी राहते. शेवटी थर्माकोलच्या तराफ्यावरच्या भोईमामांनी दाजींना दम खात असताना गाठलं. त्यांची एक चप्पल अजून तलावात आहे.

तेव्हापासून मी नव्या माणसाला काठावरच होडीत बसवतो, हातात दोरी देतो आणि मध्येच ओरडतो, “सोड!” दहा वेळा. लोक कंटाळतात. कंटाळू द्या. ज्याला हेही जमत नाही त्याला मी पाण्यात सोडत नाही, मग तो जावई असो की साहेब.

दुसरी चूक, पाणी न ओळखता शर्यतीची वाट आखणं. आपल्याकडचे तलाव म्हणजे बुडालेली शिवारं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या तलावाच्या तळातून मी चपला घालून चाललोय. बाभळीची खोडं, विहिरीचा कठडा, मोटारींचे सोडलेले पाइप, सगळं जागच्या जागी. आज त्यावर पाणी आहे आणि शहरातून आलेला गडी मोबाइलवर निळा रंग बघून म्हणतो, “इकडून जवळ पडतं.” जवळ पडतं खरं; डॅगरबोर्ड खोडावर आदळला की फटकन तुटतो. आदल्या संध्याकाळी भोयांना चहा पाजा आणि जाळी कुठं लावलीत, खोडं कुठं आहेत ते विचारा. मगच खुणेचे कॅन दगड बांधून सोडा.

बाकीच्या थोडक्यात. तळाचं बूच आधी लावा. हे सांगावं लागतं याचीच लाज वाटते. समोरून वारा असेल तर सरळ जाता येत नाही, साधारण 45 अंशांनी तिरकं जात नागमोडी चढावं लागतं. होडी नाक वाऱ्यात घालून थांबली तर सुकाणू हलवत चिडू नका, बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, बाहेर ढकला, होडी मागे सरकून वळते. वाट मागताना वय सांगू नका: उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याला वाट, डाव्या बाजूने घेणाऱ्याने टाळायचं. दोघंही एकाच बाजूने वारा घेत असतील तर वाऱ्याकडच्याने सरकायचं. एप्रिल-मेमध्ये वळवाचा गडगडाट ऐकला की शर्यत तिथंच संपली. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते. आणि काठावरून पोरांना शिकवण्या देणाऱ्या बापांनी चूल पेटवायला जावं.

मोठ्या शर्यतींत सुटण्याआधी 5, 4 आणि 1 मिनिट राहिलं की इशारे देतात. आम्ही 3 मिनिटांवर भागवतो, आणि शिटी दाजींकडे असते. ती हरवू नये म्हणून त्यांनी खुर्चीला बांधून ठेवली आहे.