जुना गेम नव्या लॅपटॉपवर अडकतोय? या चुका टाळा

‘दादा, नवीन लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्डवाला, तरी दोन हजार पाचचा नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड हा रेसिंग गेम गचके खातोय. रॅम वाढवू का?’ असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: टिळक रोडच्या कॉम्प्युटर दुकानांत नंतर जा, आधी चालू प्रोग्राम दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघड.

कारण अशा लॅपटॉपमध्ये बहुतेकदा दोन ग्राफिक्स चिप असतात. एक प्रोसेसरमधली, वीज वाचवणारी. दुसरी एनव्हिडिया किंवा एएमडीची, जिच्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजलेले असतात. गेम कुठल्या चिपवर चालवायचा हे विंडोज आणि ड्रायव्हर ठरवतात, आणि जुन्या गेमच्या बाबतीत त्यांचा अंदाज हमखास चुकू शकतो. गेम चालू ठेवून ऑल्ट-टॅब करा आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘जीपीयू इंजिन’ हा कॉलम बघा. तिथे साधी चिप दिसली, तर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन गेम जोडा आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा.

इथेच बरेच जण फसतात. लाँचरची, म्हणजे गेम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची फाइल जोडून मोकळे होतात. ही सेटिंग त्या-त्या ईएक्सई (प्रोग्राम चालवणाऱ्या) फाइलपुरतीच असते, त्यामुळे लाँचर दणकट चिपवर आणि गेम बिचारा साध्या चिपवर! गेमच्या फोल्डरमधली खरी फाइलच जोडायची. मोस्ट वाँटेडमध्ये ती ‘स्पीड’ नावाची आहे.

दुसरी चूक जास्त घातक. ‘डी३डीएक्स९_४३.डीएलएल सापडत नाही’ असा मेसेज आला की लोक ती एकच फाइल कुठल्यातरी साइटवरून उतरवतात. व्हायरसला घरबसल्या आमंत्रण! गेम ज्याच्यामार्फत ग्राफिक्स चिपशी बोलतो ते विंडोजमधलं सॉफ्टवेअर म्हणजे डायरेक्टएक्स. विंडोज ११ मध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी डायरेक्टएक्स ९ च्या या जोडफाइल्स त्यात नसतात. मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स रनटाइम टाका. तो नव्या डायरेक्टएक्सला धक्का लावत नाही.

दर सेकंदाला फ्रेम (चित्रं) जास्त मिळाल्या म्हणजे खेळ चांगला, असंही नाही. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये फ्रेमवर मर्यादा घालणारा फ्रेम लिमिटर बंद केला की गेमचा नायक सीजे पाण्यात हातपाय मारत राहतो, पुढे मात्र सरकत नाही. दोष लॅपटॉपचा नाही. गेमचं गणितच फ्रेमच्या वेगाला बांधलेलं आहे. लिमिटर चालूच ठेवा.

चार्जर काढून खेळू नका. गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली की दणकट चिपही बॅटरीवर हात आखडता घेते, आणि आपण उगाच ड्रायव्हर बदलत बसतो.

चित्र पडद्याच्या कोपऱ्यात किंवा अर्धवट दिसत असेल, तर ईएक्सईच्या प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटीत हाय डीपीआय स्केलिंग ‘ॲप्लिकेशन’वर ठेवा. त्याहून जुन्या, विंडोज ९८ च्या काळातल्या गेमसाठी डीजीवूडू २ हे सॉफ्टवेअर वापरून बघा. ते जुन्या डायरेक्टएक्सचं बोलणं नव्या चिपला समजेल असं करून देतं.

मात्र सेफडिस्क हे नक्कल रोखणारं संरक्षण असलेली मूळ सीडी घेऊन बसला असाल, तर ग्राफिक्स सेटिंगशी झटापट करू नका. विंडोज १० पासून त्याचा ड्रायव्हरच चालत नाही. तोच गेम गॉग या गेम विकणाऱ्या साइटवर मिळतो का ते बघा. तिथल्या प्रतीला सीडीची तपासणी नसते.