इनामगावच्या पांढरीवर जाण्यापूर्वी

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारे एकत्र वापरात होती त्या काळातल्या) वसाहतीवर जायचे ठरवले, की तयारीला पुण्यातूनच सुरुवात करावी. लेणी किंवा किल्ल्यासारखे उभे बांधकाम तिथे नाही. घरे कुडामातीची होती आणि उत्खननाचे चर काम संपल्यावर सहसा बुजवले जातात. म्हणून डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय आधी पाहावे. याच संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केले. संग्रहालयाची वेळ आणि सुटीचा दिवस आधी फोनवर विचारून घ्यावा.

संग्रहालयात सर्वाधिक वेळ जोर्वे भांड्यांपुढे (जोर्वे या गावावरून नाव पडलेल्या त्या काळच्या मातीच्या भांड्यांपुढे) घालवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाने काढलेल्या तिरप्या रेघा, तोटीची भांडी, मध्यभागी कंगोरा असलेले वाडगे हे सारे जवळून न्याहाळावे. खापर किती पातळ आहे आणि काठ कसा वळवला आहे, हेही पाहावे. प्रत्यक्ष वसाहतीच्या टेकाडावर अखंड भांडे दिसणार नाही, दिसलाच तर बोटभर तुकडा दिसेल, आणि तो ओळखायची नजर इथेच तयार होते.

वहीच्या पहिल्या पानावर कालक्रम लिहून ठेवावा: इ. स. पू. सुमारे १६०० ते १४०० माळवा संस्कृती, १४०० ते १००० पूर्व (आधीची) जोर्वे, १००० ते ७०० उत्तर (नंतरची) जोर्वे. त्याखाली घरांतला बदल नोंदवावा, कारण या वसाहतीची खरी कहाणी त्यातच आहे. पूर्व जोर्वे काळातली घरे मोठी आणि आयताकार होती, तर उत्तर जोर्वे काळात बहुतेक लहान, गोल झोपड्या दिसतात. पाऊसमान घटून शेती आक्रसली, असा अर्थ उत्खनकांनी त्यातून लावला. दफने घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात असत. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरत, आणि प्रौढांचे पाय बहुधा घोट्याखाली तोडलेले आढळतात. चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेल्या एका व्यक्तीचे पाय मात्र शाबूत होते. एवढी माहिती जवळ असली, की पायाखाली कुणाची घरे होती याचे भान टेकाडावर चालताना सुटत नाही.

दिवस हिवाळ्यातला निवडावा. पावसाळ्यात काळी माती बुटांना चिकटते आणि गवत सगळे झाकून टाकते. सकाळी लवकर पोहोचावे. तिरप्या उन्हात जमिनीचे हलके उंचवटे सावल्यांमुळे उठून दिसतात, दुपारी ते सपाट वाटतात. जिथे राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती शतकानुशतके साचली, तिथली पांढर भोवतीच्या काळ्या रानापेक्षा फिकट आणि भुसभुशीत असते. वसाहतीची हद्द कुठवर गेली असेल, याचा अंदाज त्या रंगावरून बांधता येतो.

पाणी, टोपी, काट्याकुसळांतून चालता येईल असे बंद बूट, भिंग, होकायंत्र, पेन्सिल आणि आधीच उतरवून घेतलेला उपग्रह नकाशा एवढे सामान पुरे. खुरपे किंवा टोकदार अवजार बरोबर नेऊच नये. वाटेत कुणाचे शेत लागले, तर मालकाला विचारूनच आत जावे, आणि पीक उभे असेल तर बांधावरून पाहून परतावे.

खापराचा तुकडा दिसला, तर शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, उत्तर दिशा आणि जागा वहीत टिपावी, आणि तुकडा होता तिथेच राहू द्यावा. तो कोणत्या थरातून, कोणत्या उतारावरून आला, हे त्याच्या जागेवरूनच कळते; खिशात घालून नेलेल्या तुकड्याकडून ते उत्तर पुन्हा कुणालाच मिळत नाही. मुले बरोबर असतील, तर हे घरून निघण्यापूर्वीच समजावून सांगावे. नदीच्या खचलेल्या काठात कुंभ किंवा हाडे उघडी पडलेली दिसली, तर ती न हलवता छायाचित्र आणि ठिकाणाची नोंद राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे त्याच दिवशी पाठवावी.