घाट उतरून धंद्याला आलात? आधी पिकअपचे टायर बघा

कराड, सांगली, पंढरपूर, विजापूर या बाजूने पिकअप घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गात येणारे आता बरेच झालेत. कुणी भाजीच्या लाइनला असतो, कुणी बांधकामाचं सामान पोचवतो, कुणी आंब्याच्या पेट्या वाहायला दोन महिन्यांसाठी म्हणून येतो आणि इथलाच होतो. मीही असाच आंबा घाट उतरून आलो. आता रत्नागिरीकडच्या पालीजवळ घर आहे, रेशनकार्डही इथलंच. त्यामुळे नवीन पोरं विचारायला येतात: खोली कुठे मिळेल, मुलांना शाळा कुठली बरी, भाडं कुणाकडे लागेल. ते सगळं सांगतो, पण गाडी अंगणात उभी असेल तर आधी वाकून टायर बघतो. बहुतेकांचे मागचे दोन तरी गोटा झालेले, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेले असतात.

वर म्हणतात, "दादा, अजून एक सीझन निघंल की." निघेलही, पण तिकडे कोरड्या सांगोल्यात.

देशावर टायर घेताना आपण दोनच गोष्टी बघतो: माल किती बसणार आणि किलोमीटर किती निघणार. सोलापूरकडे वर्षभरात होतो त्याहून जास्त पाऊस इथे एकट्या जुलैत होतो. पावसाळ्याचे चार महिने मिळून रत्नागिरीत ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा वरच. म्हणून इथे पहिला प्रश्न वेगळा: रिकामी गाडी, ओला उतार, पुढे अचानक म्हैस; ब्रेक दाबल्यावर टायर गाडी धरतो का? वजन आणि किलोमीटर त्याच्यानंतर.

खरेदी मे महिन्यात, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या बाकी सामानाबरोबर उरकायची. तेव्हा आंब्याच्या भाड्याचे पैसे हातात असतात आणि दुकानात मालही असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घाटात घसरून झाल्यावर सगळे एकदम धावतात आणि मग जो टायर शिल्लक असेल तो गळ्यात पडतो. शिवाय सगळ्यात वाईट रस्ता असतो तो पहिल्या पावसाचा. सहा-आठ महिने साचलेलं ऑइल, धूळ, टायरचं झिजलेलं रबर यावर पहिली सर आली की डांबरावर जो बुळबुळीत थर होतो तो धो धो पावसात वाहून जातो, पण त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत कशेडी घाटापासून आंबोली घाटापर्यंत गाड्या आडव्या होतात. तेव्हा टायर चढवलेले असायला हवेत.

आता नक्षी कुठली. लाल माती, चिखल, रुतलेल्या गाड्या असं कोकणाचं चित्र डोक्यात असल्याने नवीन माणूस हमखास मोठ्या गट्ट्यांचा, मातीचा टायर मागतो. दिसायलाही तो दांडगा दिसतो. माझं मत सरळ आहे: तुमच्या गाडीचं नव्वद टक्के काम डांबरावर आणि काँक्रीटवर आहे, तर मातीचा टायर घेऊ नका. मोठ्या गट्ट्यांमध्ये जागा जास्त सुटते, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. चिखलात ते गट्टे खोल रुततात आणि पकडतात, पण ओल्या डांबरावर ब्रेक मारला की हाच टायर जास्त लांब जाऊन थांबतो. आवाज करतो, डिझेल खातो ते वेगळंच. चिऱ्यांच्या खाणीवर जायचं म्हणून काहीजण तो घेतात. बहुतेक खाणी पावसात पाणी भरून बंदच असतात, हे त्यांना जुलैत कळतं.

पाण्यासाठी काय लागतं ते दुकानात टायर उभा करून बघा. गोलाईने फिरणाऱ्या तीन-चार रुंद, सलग खाचा हव्यात, आणि त्या खाचांमधून बाहेरच्या कडेकडे निघणाऱ्या आडव्या वाटा हव्यात. उभ्या खाचा पाणी घेतात, आडव्या ते बाजूला फेकतात. रबराच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतील तर आणखी चांगलं, कारण खाचांनी पाणी फेकल्यावरही रस्त्यावर जो पातळ थर उरतो तो या चिरांच्या कडा पुसून काढतात. आपल्याकडे जुनी पद्धत पुढे रिब, म्हणजे सलग उभ्या खाचांचा टायर, आणि मागे लग. ती वजन ओढायला ठीक आहे, पण मागचा लग टायर आडव्या पट्ट्यांचा असतो आणि रिकाम्या गाडीला ओल्या वळणावर तो मला भरवशाचा वाटत नाही. मागे सेमी लग घ्या, म्हणजे मध्ये उभ्या खाचा आणि कडेला गट्टे असलेला, किंवा चारही हायवे नक्षीचे, म्हणजे वर सांगितल्या तशा उभ्या खाचांचे. वाडीत मातीचा रस्ता असेल तर सेमी लग, नाहीतर हायवे.

हल्ली पोरं परदेशातल्या पिकअपचे व्हिडिओ बघून विंटर टायरचंही विचारतात. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे, म्हणून ते तिकडे एवढे दिसतात. त्यांचं रबरच वेगळं असतं. पारा ७ अंशांच्या खाली गेला की साधं रबर कडक होतं, ते मात्र मऊ राहतं. बाजूला डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. आपला पाऊस २५ ते ३० अंशांचा. त्या उन्हाळी हवेत ते मऊ रबर भराभर झिजेल आणि ब्रेकलाही ढिलं पडेल. आपल्याकडच्या काही टायरवर 'एम' आणि 'एस' अशी अक्षरं असतात, म्हणजे चिखल-बर्फाची नक्षी. ती नुसती नक्षीची जात सांगतात, तेवढ्यावर भुलू नका. तिकडच्या लोकांकडून घ्यायची गोष्ट एकच: ऋतू बदलायच्या आधी ते टायर बदलतात.

खोलीचं बघू. खाचेच्या तळाशी मधेमधे रबराचे छोटे आडवे बांध असतात. नक्षी झिजून त्या बांधांना टेकली की १.६ मिलिमीटर उरले, म्हणजे टायर कायद्यानेही संपला. पण कोकणात तिथपर्यंत थांबलात तर उशीर झाला. उथळ खाचेत पाणी मावत नाही, मग ते टायरच्या खाली राहतं आणि गाडी पाण्यावर चढते; स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेक दाबून काही होत नाही. जूनच्या सुरुवातीला निदान ४ मिलिमीटर हवेत, कारण चार महिन्यांत आणखी झीज होणारच आहे. मुंबई-गोवा हायवेचा काँक्रीटचा भाग तर उन्हाळ्यात टायर कानशीसारखा घासतो. खोली मोजायचं छोटं गेज स्वस्तात मिळतं, ते घ्या. खाचेत तीन ठिकाणी मोजा: आत, मध्ये, बाहेर. एकच कड खाल्लेली असेल तर आधी अलाइनमेंट, मग नवा टायर. नाहीतर नव्याचीही तीच गत.

तारीख सगळे विसरतात. टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. ही चौकट बऱ्याचदा एकाच बाजूला असते आणि टायर रचून ठेवलेले असले की ती नेमकी खाली जाते, म्हणून प्रत्येक टायर उलटून बघायचा. एका दुकानात मला दाखवलेल्या चार टायरपैकी दोन टायर तीन वर्षं जुने होते, काळे कुळकुळीत, वरून पॉलिश मारलेले. मी बोटाने चौकट दाखवली, तो आत जाऊन दुसरे घेऊन आला. भांडायची गरज पडत नाही, फक्त बघितलं पाहिजे. नक्षी शाबूत असली तरी रबर जुनं झालं की कडक होतं आणि ओल्यात घसरतं. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेले टायर घाटात पुढे लावू नका, याच्यावर मी चर्चा करत नाही.

साइझ गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणेच. समजा २१५/७५ आर १५ आहे, तर रुंदी २१५ मिलिमीटर, उंची त्याच्या ७५ टक्के, आणि १५ इंची डिस्क. त्यापुढे वजनाचा आकडा असतो: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १,०००. साइझ तीच म्हणून कारचा किंवा जीपचा टायर स्वस्तात मिळतो, त्याचा हा आकडा कमी असतो. पिकअपला तो चालत नाही. प्लाय, म्हणजे टायरच्या ताकदीचा आकडा, तोही कंपनीने दिलाय त्याहून खाली जायचा नाही.

आता ज्यावर पालीतल्या पंक्चरवाल्याशी माझा दर पावसाळ्यात वाद होतो ते. पैसे दोनच टायरचे असतील तर नवे कुठे लावायचे? तो म्हणतो पुढे, कारण पुढचा फुटला तर गाडी हातात राहत नाही. भर उन्हात, भरलेल्या गाडीला त्याचं खरं आहे. पावसात मात्र मी नवे मागे लावतो. पिकअपचा हौदा रिकामा असला की सगळं वजन इंजिनवर, पुढे. मागे नुसते पाटे आणि हलकी बॉडी, आणि ओढही मागच्याच चाकांची. पावस-पूर्णगड रस्त्याच्या वळणांवर, झाडांखाली जिथे डांबरावर शेवाळं धरतं, किंवा मासेमारीबंदी उठल्यावर मासळीच्या गाड्यांचं पाणी सांडलेलं असतं तिथे आधी मागचा भाग सुटतो. पुढचा घसरला तर गाडी सरळ जाते, वेग कमी करून सावरता येते. मागचा सुटला तर गाडी फिरते, आणि फिरल्यावर तुमच्या हातात काही राहत नाही. पुढचे टायर अर्थात ४ मिलिमीटरच्या आत गेलेले नसावेत. गेले असतील तर उधार करा, पण चारही घ्या.

रिकामं फिरायचं असेल तर हौद्यात रेतीच्या दोन-तीन गोण्या टाका. मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, आणि बांधून. मागच्या फाळक्याशी ठेवल्या तर पुढचं चाक हलकं होतं, आणि मोकळ्या ठेवल्या तर ब्रेकला त्याच केबिनवर येऊन आदळतात.

हवा कमी केली की पकड वाढते, असं इथेही बरेच ड्रायव्हर सांगतील. पुळणीवर, वाळूत ते खरं आहे. ओल्या डांबरावर नेमकं उलटं होतं: हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात, पाणी बाहेर जात नाही. स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात, ते पाळा. सकाळी टायर थंड असताना मोजा. आणि वेग? हायवेच्या डायव्हर्जनवर पाण्याचा पडदा दिसला की ५०च्या खाली. साइड देताना डावी चाकं साइडपट्टीवर घालू नका. वरून घट्ट दिसणारी लाल माती आत लोण्यासारखी झालेली असते आणि भरलेली पिकअप तिथे अशी बसते की जेसीबीशिवाय निघत नाही. त्यातून कुठलाच टायर काढत नाही.

खाऱ्या हवेचा त्रास देशावरच्या माणसाला माहीत नसतो. समुद्राजवळ राहणार असाल तर डिस्कची कड गंजते, ट्यूबलेस टायर तिथून हळूहळू हवा सोडतो आणि पंक्चर काही सापडत नाही. टायर बदलताना डिस्क घासून, रंग मारून घ्या, वॉल्व्ह नवे टाका. आणि स्टेपनी. ती हौद्याखाली टांगलेली असते, चारही बाजूंनी चिखल-पाणी खाते, तिचा नट आणि साखळी गंजून एकजीव होतात. रात्री साखरप्याच्या पुढे, धुक्यात, भर पावसात ती पान्याने सुटत नाही. मे महिन्यातच एकदा खाली उतरवा, ग्रीस भरा, हवा बघा, परत चढवा. जॅकखाली ठेवायला लाकडी फळी गाडीत हवी, ओल्या मातीत जॅकच खाली जातो.

कोल्हापूर-कराडला टायर थोडे स्वस्त पडतात म्हणून भाजी भरायला गेलात की तिकडेच घेता, ते चालेल. फक्त तिथेच चढवून, बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून घाट उतरा, हौद्यात टाकून आणू नका. बिलावर प्रत्येक टायरचा नंबर लिहून घ्या, कारण टायरला फुगा आला तर कंपनीचा माणूस आधी तोच मागतो. जुने टायर एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. त्यातला बरा एखादा ठेवायचाच असेल तर कौलाच्या पडवीत, सावलीला उभा.