बॅटरीवर हाय-फाय: १२.८ व्होल्टची साधी जुळणी

स्पीकरमधली भुणभुण घालवायला ॲम्पलिफायर (ॲम्प) विजेऐवजी बॅटरीवर चालवणार असाल, तर आधी ॲम्पच्या मागची आरसीए वायर, म्हणजे गाण्याचा सिग्नल आणणारी वायर, काढून पाहा. तरीही आवाज तसाच राहिला तर दोष बहुधा ॲम्पच्या पॉवर सप्लायचा. थांबला तर तो लॅपटॉपच्या अडॅप्टरमधून किंवा सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून ग्राउंड लूपने, म्हणजे दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याने, येतोय. लॅपटॉपचा चार्जर काढून गाणं लावा. भुणभुण गेली तर एक रुपयाही खर्च करू नका, वाजवताना चार्जर काढत जा. जुन्या चाळींत अर्थिंग धड नसतं, टॉवरमध्ये लिफ्टची नि पंपाची मोटर सुरू झाली की स्पीकरमध्ये टक् होतं. तिथे बॅटरीचा खरा उपयोग.

ट्रान्सफॉर्मरवाला जुना एबी-क्लास ॲम्प बॅटरीवर चालवायच्या फंदात पडू नका. त्याला बहुधा अधिक आणि उणे असे दोन्ही सप्लाय लागतात. मध्ये इन्व्हर्टर घातलात तर ज्या कचऱ्यापासून सुटका हवी, तोच पुन्हा घरात तयार होतो. डी-क्लास, म्हणजे कमी वीज खाणारा स्विचिंग पद्धतीचा ॲम्प, घ्या. टीपीए ३११६ या ॲम्प-चिपचा तयार बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारा. ही चिप ४.५ ते २६ व्होल्टवर चालते, आणि सगळ्यात महाग चूक इथेच होते. ‘२४ व्होल्ट’ म्हणून विकला जाणारा आठ सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक पूर्ण भरला की २९.२ व्होल्टपर्यंत जातो. हे चिपच्या मर्यादेबाहेर आहे, ती जाऊ शकते. पॅकवर छापलेला आकडा धरून चालू नका; भरलेल्या पॅकचा व्होल्टेज धरा.

म्हणून याच प्रकारचा पण चार सेलचा, १२.८ व्होल्ट १२ एएचचा (अँपिअर-तास), आत बीएमएस, म्हणजे सेलना जपणारं सर्किट, असलेला पॅक घ्या. तो १४.६ व्होल्टला भरतो. ८ ओहमच्या स्पीकरला यातून साधारण १० वॉट मिळतात, ४ ओहमला २० च्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, पण ८८ डेसिबलच्या स्पीकरमधून १० वॉटला एक मीटरवर ९८ डेसिबल निघतात. दहा बाय बाराच्या खोलीला ते भरपूर झालं. पॅकमध्ये १५३ वॉट-तास असतात. त्यातले ८० टक्के वापरले आणि ॲम्प सरासरी १० वॉट ओढत असेल, तर बारा तास निघतात.

जोडणीत फ्यूज पहिला. पॅकच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून १५ सेंटिमीटरच्या आत गाडीत वापरतात तो ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज बसवा. ॲम्पजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही, आणि वायर शॉर्ट झाली की हा पॅक शेकडो अँपिअर सोडू शकतो. घरातला एसी एमसीबी इथे नको, डीसीतली ठिणगी तो खात्रीने तोडू शकत नाही. वायर १.५ चौरस मिलिमीटरची, बहुतारी, तांब्याची. कनेक्टर एक्सटी-६० नावाचा, तो उलटा बसतच नाही. जोडण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासाच.

पॅक एका वेळी चार्जरला किंवा ॲम्पला, एकालाच जोडला जावा म्हणून डीसी रेटिंगचा, मधे ‘बंद’ स्थिती असलेला, दोन्ही वायरी तोडणारा डीपीडीटी (दोन बाजूंना वळणारा) स्विच लावा. नुसता प्लस तोडून भागत नाही: चार्जरमधल्या कपॅसिटरमधून गळणारा मेनचा आवाज मायनसच्या वायरीने आत येतो. मग बॅटरी लावूनही भुणभुण तशीच, आणि दोष बिचाऱ्या ॲम्पला. चार्जर १४.६ व्होल्टचा, लिथियम आयर्न फॉस्फेटसाठीचाच घ्या. लेड-ॲसिडच्या काही चार्जरमध्ये जादा व्होल्टेजचा ‘दुरुस्ती’ मोड असतो, तो इथे घातक.

या चिपवर स्पीकरची मायनस वायर म्हणजे ग्राउंड नव्हे. दोन्ही स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र बांधू नका, पॅकच्या मायनसलाही जोडू नका.

डॅकला (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारं उपकरण) त्याच पॅकवरून स्वस्त बक कन्व्हर्टरने, म्हणजे व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटने, ५ व्होल्ट दिले की बारीक शिट्टी ऐकू येते, कारण कन्व्हर्टरची आणि सिग्नलची ग्राउंड एकच होते. आयसोलेटेड (दोन्ही बाजूंची ग्राउंड वेगळी ठेवणारा) कन्व्हर्टर किंवा वेगळी बॅटरी द्या. पॉवर बँक चालते, पण डॅक फार कमी करंट ओढत असेल तर काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात.

खारट दमट हवेत टर्मिनल हिरवे पडतात. पावसाळ्याआधी साफ करून, घट्ट आवळून वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्या. पॅक लादीवर, मोकळ्या हवेत चार्ज करा; पोटमाळ्यावर किंवा उन्हाच्या खिडकीत नको. गणपतीला गावी जाताना तो निम्मा भरलेला ठेवा आणि कनेक्टर काढून जा, कारण बंद ॲम्पचा बोर्डही थोडा करंट ओढत राहतो. पॅक फुगला तर पुन्हा चार्ज करू नका. टर्मिनलवर टेप लावून तो विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका.