जुन्या फोर्ड एफ-१५० चा गळका हीटर कोअर: खात्री कशी करायची, बदलायचा कसा

अमेरिकेत अजून भरपूर चालणारे १९८७ ते १९९६ चे फोर्ड एफ-१५० पिकअप एका बाबतीत मालकाला फार सांभाळून घेतात. बहुतेक ट्रकांत हीटर कोअर, म्हणजे कॅबची हवा तापवणारा छोटा रेडिएटर, बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. यांच्यात तो ग्लव्ह बॉक्सच्या मागेच बसलेला असतो, आणि साधा पाना-पेचकस चालवता येणाऱ्या माणसाला दोन-तीन तासांत बदलता येतो. त्याच काळातल्या एफ-२५०, एफ-३५० आणि ब्रॉन्कोची मांडणीही हीच आहे. १९९७ पासूनच्या एफ-१५० ला मात्र हे लागू नाही, तिथे डॅशबोर्ड काढावाच लागतो.

काम सोपं आहे म्हणूनच लोक तपास न करता कोअर बदलून मोकळे होतात. मग पुढच्या पावसात गालिचा पुन्हा ओला होतो, किंवा नवा कोअर दोन-चार महिन्यांत गळू लागतो. म्हणून निम्मं लक्ष तपासाला द्या.

गळतंय ते नक्की काय

हीटर कोअर म्हणजे इंजिनचं गरम कूलंट फिरवणारा छोटा रेडिएटर. तो गळला की कॅबमध्ये गोडसर वास येतो, हीटर काचेवर सोडला की पुढची काच आतून तेलकट धुक्याने भरते आणि पुसली तरी पट्टे उरतात, उजव्या, म्हणजे चालकाशेजारच्या सीटच्या पायाशी गालिचा ओला होतो, आणि बाहेर कुठे डाग नसताना कूलंटची पातळी उतरत जाते. चारही गोष्टी एकत्र दिसल्या तर संशय पक्का. एकटा ओला गालिचा मात्र पुरावा नाही.

या ट्रकांमध्ये एसीचा इव्हॅपोरेटर (हवा गार करणारी जाळी) फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि कॅब यांमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, इंजिनकडच्या बाजूला असतो, त्यामुळे एसीचं पाणी रस्त्यावरच पडायला हवं. गालिचा भिजवणारे खरे दावेदार दोन: हीटर कोअर आणि पावसाचं पाणी. पावसाचं पाणी काचेच्या रबरातून किंवा काचेखालच्या पत्र्याच्या सांध्यांतून आत उतरतं. पांढरा कागदी रुमाल गालिच्यावर दाबून धरा. हिरवट, बोटांना बुळबुळीत, गोड वासाचं काही आलं तर ते कूलंट. नितळ, बिनवासाचं पाणी असेल तर इंजिन थंड असताना काचेच्या तळाशी दहा मिनिटं पाण्याची बारीक धार सोडा आणि आत बॅटरीच्या उजेडात बघा. थेंब आला तर कोअरला हात लावायची गरज नाही. चव घेऊन मात्र कधीही पाहू नका, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

तिसरी शक्यता सहज सुटते. फायरवॉलबाहेर कोअरच्या नळ्यांवर चढवलेला रबरी होज क्लॅम्पपाशी झिरपत असतो आणि ते कूलंट नळीवरून ओघळत आत येतं. आधी तिथे बोट फिरवून बघा. दोन-तीन तासांचं काम वाचून दोन होजांवर भागू शकतं.

खरा निकाल प्रेशर टेस्टर देतो, म्हणजे रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसणारा, दाब दाखवणारा हातपंप. पार्ट्सच्या मोठ्या दुकानांत तो अनामत रकमेवर घरी न्यायला मिळतो. इंजिन पूर्ण थंड हवं. कूलंट काठोकाठ भरा, टेस्टर बसवा आणि रेडिएटरच्या झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच पंप मारा. या ट्रकांवर तो बहुधा १३ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) असतो. जास्त दाब दिला तर चांगला कोअरही फुटेल. पंधरा-वीस मिनिटं थांबा. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर आत बघा.

तरीही शंका उरली तर कोअर वगळून तपासा. दोन्ही हीटर होज कोअरवरून सोडवा, एका जोडनळीने एकमेकांना जोडा आणि पुन्हा दाब द्या. आता काटा जागचा हलला नाही तर गुन्हेगार कोअरच. होज चिमट्याने दाबून बंद करायची पद्धतही आहे, पण तीस वर्षांचं रबर तेवढ्याने आतून चिरतं. ही जोडणी करून ट्रक चालवता येतो, मात्र थंडीत काच साफ करायला गरम हवा मिळणार नाही. बर्फ पडणाऱ्या भागात तसा फिरू नका.

गळती नसून कोअर तुंबलेला असेल तर लक्षणं निराळी. इंजिन तापल्यावर दोन्ही होजना हात लावा. एक कढत आणि दुसरा जेमतेम कोमट असेल तर आत गाळ आहे. दोन्ही कढत असूनही हवा गार येत असेल तर कोअर बरा आहे, गरम-गार हवा मिसळणारं दार अडकलंय.

गळती थांबवणारी पूड किंवा द्रव रेडिएटरमध्ये ओतू नका. ती चीर बुजवेल न बुजवेल, कोअरच्या बारीक नळ्या आधी बुजवते.

काय आणायचं

कोअर मागवताना वर्ष, इंजिन आणि एसी आहे की नाही हे सांगा. एसी असलेल्या आणि नसलेल्या ट्रकांचे कोअर वेगळे येतात. नवा हाती आला की बिलावर विसंबू नका: लांबी, रुंदी, जाडी आणि नळ्यांची जागा जुन्याशी ताडून बघा. होज दोन मापांचे लागतात, एक ५/८ इंची आणि एक ३/४ इंची. दोन्ही नवे घ्या. शिवाय चार क्लॅम्प, चिकट फोमची पट्टी, गॅलनभर पाणी न मिसळलेलं हिरवं कूलंट आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी. नळाच्या जड पाण्यातले क्षार आत थर धरतात, म्हणून डिस्टिल्डचा आग्रह. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही.

उतरवणं

बॅटरीची ऋण वायर सोडा. इंजिन थंड असताना झाकण उघडा आणि रेडिएटरच्या तळाच्या नळाने चार-पाच लिटर कूलंट स्वच्छ बादलीत घ्या. नळ प्लास्टिकचा आणि जुना असतो. फिरत नसेल तर पक्कड लावू नका, खालचा होज हळूच सोडून तेवढंच काढा. बादली झाकून ठेवा, गोड वासामुळे कुत्री-मांजरं ते पितात आणि मरतात.

आता फायरवॉलवरचे होज. मोडतोड बहुतेक इथेच होते. होज नळीला चिकटून बसलेला असतो आणि माणूस तो पिळतो. कोअरची नळी पातळ असल्याने ती कोअरच्या टोकाच्या टाकीपाशी तडकते. तपासणीपुरता होज काढताना तर ही चूक फार महागात पडते, कारण चांगला कोअरही हातचा जातो. क्लॅम्प मागे सरकवा, धारदार पात्याने होजला नळीच्या दिशेने लांबट चीर द्या आणि सालीसारखा सोलून काढा. होजमध्ये प्रवाह कमी करणारी छोटी बुशी दिसली तर तिचा बाण कोणत्या दिशेला आहे ते टिपून ठेवा आणि नव्या होजमध्ये तशीच बसवा. कोअरमधून अति वेगाने पाणी वाहिलं तर धातू झिजतो, म्हणून ती घातलेली असते.

कोअरमध्ये अजून पेलाभर कूलंट असतं. एका नळीतून कमी दाबाची हवा सोडून ते दुसरीतून बाहेर काढून घ्या. तोंडाने फुंकू नका. असं केलं तर ते तुमच्या गालिच्यावर सांडणार नाही.

आत येऊन ग्लव्ह बॉक्स उघडा, दोन्ही बाजू आत दाबा आणि तो खाली लोंबू द्या. समोर हीटरच्या प्लास्टिक डब्याचं झाकण दिसेल. त्याला सातेक स्क्रू असतात, ८ मिमीचं सॉकेट बसतं. वरचे एक-दोन डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपावे लागतात. उरलेल्या एका स्क्रूवर झाकण ओढलं तर जुनं प्लास्टिक तुटतं. झाकणावर व्हॅक्युमची नळी अडकवलेली असेल तर ती आधी सोडवा. खाली प्लास्टिक आणि पसरट ताट ठेवा, झाकण काढा आणि कोअर सरळ आपल्याकडे ओढा. १९९४ पासून या ट्रकांत एअरबॅग आली, पण ती चालकाच्या बाजूला आहे. या कामात तिच्याशी संबंध येत नाही.

डबा रिकामा झालाच आहे तर आतली पानं, उंदराचं घरटं, सुटा फोम काढून टाका आणि तापमानाचा दांडा हलवून दार पूर्ण फिरतंय का ते बघा.

कोअर कुजला का

जुना कोअर उजेडात धरा. नळी टाकीला मिळते तिथे चीर असेल तर ओढाताण किंवा वय. पण पातळ पट्ट्यांवर सुईच्या टोकाएवढी भोकं आणि पांढरा भुरा असेल तर कूलंटमधून वीज वाहत होती असं समजा. नवा कोअरही त्याच वाटेने जाईल.

ट्रक पुन्हा जोडून कूलंट भरल्यावर डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल वायरचं टोक रेडिएटरच्या कूलंटमध्ये बुडवलेलं, धातूला न टेकता. इंजिन थंड असतानाच सुरू करा, दिवे, पंखा, मागची काच तापवणारी तार असेल तर तीही, सगळं चालू करा. ०.४ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर एकेक वस्तू बंद करत जा. ज्या वस्तूबरोबर आकडा पडतो तिची अर्थिंग कुजलेली आहे. इंजिन आणि बॉडी यांमधली, तसंच इंजिन आणि चॅसिस यांमधली विणलेली पट्टी सर्वांत आधी बघा. टोकं घासून चकचकीत करा किंवा पट्टी नवी टाका. सगळं बंद असतानाही आकडा तसाच राहिला तर कूलंटच आम्लधर्मी झालंय, पूर्ण धुऊन बदला. कोअरलाच वेगळी अर्थ वायर जोडायचा सल्ला अनेकजण देतात. तो ऐकू नका, भटक्या विजेला आयती वाट मिळते.

जुनं कूलंट तपकिरी आणि गढूळ निघालं असेल तर नवा कोअर जोडण्याआधी इंजिनकडचे होज पाण्याने धुऊन काढा. गंजाचे कण थेट नव्या कोअरमध्ये जाऊन बसतात.

बसवणं आणि भरणं

नव्या कोअरच्या कडांना जुन्याप्रमाणे फोमची पट्टी लावा. ती नसेल तर हवा कोअरच्या बाजूने निसटते आणि नवा कोअर असूनही हीटर मंद वाटतो. नळ्या भोकांतून सरळ बाहेर जाऊ द्या, ठोकू नका. होज चढवताना नळीला कूलंटचं बोट लावा, ग्रीस किंवा सिलिकॉन नको. क्लॅम्प रबर किंचित दबेल इतपतच आवळा.

झाकण आणि ग्लव्ह बॉक्स इतक्यात लावू नका. कूलंट भरा, टेस्टरने पुन्हा १३ पीएसआय द्या आणि अर्धा तास कोअर उघडा असतानाच बघा. कागदी रुमाल कोरडा राहिला की मग स्क्रू.

हवा काढायला ट्रकचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा आणि रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. १९५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ९० अंश सेल्सिअसच्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो आणि पातळी एकदम खाली जाते. तेव्हा भरत राहा, इंजिन १५०० आरपीएमवर काही मिनिटं धरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा, अर्धा-एक लिटर लागणं नेहमीचं आहे. त्यानंतरही रोज लागत असेल, किंवा बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधली सील) तपासा. तिथून येणारा दाब कोअर फोडतो.

गालिचा तसाच वाळू देऊ नका. ग्लायकॉल पाण्यासारखं उडून जात नाही. ते खालच्या नमद्यात बसून राहतं, वास देतं आणि तळाचा पत्रा आतून गंजवतं. गालिचा उचला, नमदा कोमट पाण्याने दोन-तीनदा भिजवून ओल्या कचऱ्याच्या व्हॅक्युमने ओढून घ्या, पत्रा उघडा ठेवून कोरडा करा. काचेवरचा तेलकट थर साध्या फवाऱ्याने जात नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं लागतं, आणि तेही दोनदा, कारण हवेच्या मार्गात उरलेलं थोडं कूलंट पहिले काही दिवस काचेवर येतच राहतं.